अठ्ठाविसाची पावकी

आमच्या गावच्या डेअरीत, दुधाचं माप ठेवायच्या कट्ट्याच्या वर, भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने एक ओळ रंगवलेली होती: एसएनएफ = डिग्री ÷ ४ + ०.२५ × फॅट + ०.४४. सकाळी सहाच्या रांगेत आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, शेजारी उभी राहून मी ती रोज वाचायचे. वाचता यायची, उमगायची नाही. रांगेतलं दुसरं कुणी तिच्याकडे मान वर करून बघत नसे. पण माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे, आजीच्या डोळ्यांत घालायचे थेंब, गोठ्यातली सरकी पेंड, हे सगळं दर दहा दिवसांनी त्या ओळीतून गाळून आमच्या घरात येत होतं. मला ते सातवीत कळलं.

प्रवरेच्या काठचं गाव. घरटी दोन-तीन संकरित गाई, उसाचं वाढं, घासाचे वाफे आणि दोन्ही वेळच्या धारा. दूध विकायचं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. दूध घालायचं म्हणतात, आणि त्याचे पैसे येतात तो दुधाचा पगार. डेअरीत किटली मापात ओतली की त्यातलं थोडं दूध काचेच्या उभ्या भांड्यात घेत आणि त्यात लॅक्टोमीटर सोडत. लांब बारीक मानेचा, तळाशी शिशाचे छर्रे भरलेला तो काचेचा फुगा दुधात डुचमळायचा, खालीवर व्हायचा, मग थिरायचा. मानेवरची जी रेष दुधाच्या पातळीला टेकेल ती दुधाची डिग्री. नुसतं पाणी असेल तर शून्य. अठ्ठावीस डिग्री म्हणजे पाण्याचं वजन एक धरलं तर तेवढ्याच मापाच्या दुधाचं वजन १.०२८. फॅट काढायची रीत अधिक कष्टाची. जाड काचेच्या नळीत आधी सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, वर थोडं अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. आम्लाने नळी हाताला चटका बसावा इतकी तापायची. मग तिच्या निमुळत्या मानेत पिवळसर चरबीचा खांब उभा राहायचा, त्याची उंची म्हणजे फॅट. हे दोन आकडे हाती आले की तिसरा आकडा भिंतीवरच्या ओळीने काढायचा. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरणारी साखर, प्रथिनं आणि क्षार. त्यावर दर.

सातवीत आम्हाला बीजगणित शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर ३क्ष + २ असं लिहिलं आणि विचारलं, “लग्नाच्या पंगतीत पाट कुणासाठी मांडतात?” वर्ग म्हणाला, जो येईल त्याच्यासाठी. “तसा हा क्ष,” बाई म्हणाल्या. “मांडलेला पाट आहे. चार येऊन बसला तर तीन चोक बारा आणि दोन चौदा. दहा बसला तर बत्तीस. अडीच बसला तर?” साडेसात आणि दोन, साडेनऊ. बाईंनी मान हलवली आणि पुढचा नियम सांगितला, तो मी आजही माझ्या वर्गात त्याच शब्दांत सांगते: “एकाच राशीत क्ष दोन ठिकाणी आला, तर दोन्ही पाटांवर पाहुणा एकच बसतो. एकीकडे चार आणि दुसरीकडे पाच असं चालत नाही.”

घरी यायची वाट डेअरीवरून होती. दुपारची वेळ, दाराला कडी, पण खिडकीच्या गजांतून ती निळी ओळ दिसत होती. मी थबकले. डिग्री हा पाट होता. फॅट हा पाट होता. आणि रोज सकाळी आमच्या तांबड्या गाईच्या दुधाचे दोन आकडे येऊन त्या पाटांवर बसत होते. पुस्तकातला क्ष अजून कुणाचा झालेला नव्हता. हा मात्र आमच्या घरचा होता.

संध्याकाळी वही आणि सकाळचं दुधाचं कार्ड घेऊन मी गोठ्यात गेले. आबा धार काढत होते. कार्डावर लिहिलं होतं, डिग्री २८, फॅट ३.५, एसएनएफ ८.३. मी मांडणी केली. अठ्ठावीस भागिले चार, असं तोंडाने म्हणते आहे तोच चरवीवरून नजर न काढता आबा म्हणाले, “सात. अठ्ठाविसाची पावकी सात.” पुढे ०.२५ गुणिले ३.५. मी पंचवीस गुणिले पस्तीस करायला बसले. हातचे धरले, बेरीज केली, आठशे पंचाहत्तर आले, उजवीकडून तीन घरं मोजली आणि टिंब दिलं. तेवढ्यात आबांनी विचारलं,

“ते शून्य दशांश पंचवीस म्हणजे किती गं?”

“पंचवीस शतांश, आबा.”

“म्हणजे रुपयातले पंचवीस पैसे?”

“हो.”

“मग पावच की ती! आधी डिग्रीची पावकी करतेस, मग फॅटची पावकी करतेस. दोन्हीला पावच लावायचाय, तर आधी दोन्ही एका जागी कर आणि एकदाच पाव घे.”

अठ्ठावीस आणि साडेतीन, साडेएकतीस. त्याची पावकी पावणेआठ आणि वर अदपाव. माझ्या वहीत ७.८७५ होते. तेच ते. त्यात ०.४४ मिळवले, ८.३१५. पाव बाहेर काढून उरलेलं कंसात ठेवायचं, हे बाई आम्हाला पुढे दोन महिन्यांनी शिकवणार होत्या. चौथी शिकलेल्या माणसाने गाईच्या पायाशी बसून ते मला आधीच करून दाखवलं. त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. मला नाव कळलं तेव्हा धारेचा आवाज आठवला.

कार्डावरचा ८.३ बरोबर निघाला. पुढचे पंधरा हजारांश सोडून दिले होते, तेवढंच. मला वाटलं, संपलं. आबा मात्र चरवी उचलता उचलता थांबले. “हिशेब बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण तो अठ्ठावीस कुठून आणला?”

हा प्रश्न माझ्या आयुष्याला पुरला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कट्ट्याला खेटून उभे राहिलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं. धारेचं दूध तसंच कोमट, वर बोटभर फेस. त्या फेसातच लॅक्टोमीटर सोडला. तो थिरायच्या आत आकडा लिहून झाला. कोमट दूध हलकं असतं, त्यात मापक अधिक बुडतो, डिग्री कमी दिसते. म्हणून तापमान बघून आकड्यात काही मिळवावं लागतं, दूध गार असेल तर वजा करावं लागतं. थर्मामीटर खणात होता. तो बाहेर काढायला कुणाला सवड नव्हती. आबा आवाज न चढवता म्हणाले, “जरा दम धरा. दूध निवू द्या, फेस बसू द्या.” माप घेणारा म्हणाला, रांग मोठी आहे. आबांनी मला पुढे केलं. मी भिंतीवरची ओळ बोट लावून वाचली आणि एकोणतीस आला तर किती होतात ते मोठ्याने सांगितलं: एकोणतीस आणि साडेतीन, साडेबत्तीस, पावकी आठ आणि अदपाव, म्हणजे ८.१२५; त्यात ०.४४, झाले ८.५६५. आमच्या डेअरीत साडेआठच्या खाली दूध गेलं की दर उतरायचा. एका रेषेने एसएनएफ पाव अंकाने हलतो, आणि तो पाव अंक आम्हाला साडेआठाच्या उंबऱ्याच्या आत नाहीतर बाहेर ठेवत होता. मागे रांगेत चार माणसांनी माना वर करून भिंतीकडे बघितलं. तसं त्यांना मी कधी बघितलं नव्हतं.

दूध निवलं. डिग्री एकोणतीस आली. त्या दिवशी कार्डावर एकोणतीस लागले आणि पुढे थर्मामीटर कट्ट्यावर दिसू लागला. त्याआधीच्या कितीतरी सकाळी घाईत वाचल्या गेल्या होत्या, त्यांचे पैसे परत आले नाहीत. आबांनी ते मागितले नाहीत. मला मात्र ते अजून सलतं, आणि सलावं असंच मला वाटतं. ओळ सगळ्यांना सारखीच होती, तिच्यात लबाडी नव्हती. आत बसवलेला आकडा कच्चा होता. कच्चा आकडा पक्क्या ओळीतून बाहेर पडला की पक्क्यासारखा दिसतो, कार्डावर छापल्यासारखा उमटतो आणि त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.

ती ओळही काही आकाशातून पडलेली नव्हती, हे मी पुढे वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री ड्रूप रिचमंड नावाच्या इंग्रज दुग्धरसायनज्ञाने दुधाची घनता, फॅट आणि घन पदार्थ यांचं नातं मोजून मोजून बसवलं. त्याच्या सूत्रात फॅटचा सहगुणक वेगळा होता, शेवटचा स्थिरांक ०.१४ होता. आपल्याकडच्या गाईम्हशींच्या दुधावर प्रयोग करून इथले आकडे ठरले, आणि अजूनही ठिकठिकाणी ते थोडे वेगळे वापरतात. म्हणजे ०.४४ च्या मागेही कुणीतरी थंड खोलीत उभं राहून दूध तोललं होतं. हे कळल्यापासून सूत्रातल्या स्थिरांकांकडे मी आदराने बघते. तेही कधीतरी मोजलेले आकडे होते.

आबांची शाळा वेगळी होती. त्यांच्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी होती. औट म्हणजे साडेतीन. आपला देह औट हातांचा असं जुनी माणसं म्हणतात, ते हेच. त्यांच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. सगळा व्यवहार निम्म्याच्या निम्म्याने चालायचा, म्हणून पावकी आल्याशिवाय बाजारात उभं राहता यायचं नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. चार आण्यांची पावली पंचवीस पैशांची झाली आणि आबांच्या आयुष्यात दशांशाचं टिंब शिरलं. त्या टिंबाशी त्यांची कधी नीट ओळख झाली नाही. ०.८७५ असं लिहून दाखवलं की ते क्षणभर परके व्हायचे, आणि अदपाव कमी एक म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. ३० जून २०११ ला पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं. पावली खिशातून गेली, पाढ्यांच्या पुस्तकातून पावकी बहुतेक ठिकाणी त्याआधीच गेली होती. डेअरीच्या सूत्रात मात्र पाव दोनदा बसलेला आहे, अजून.

मी पुढे गणिताचीच शिक्षिका झाले. दरवर्षी नव्या वर्गात, किंमत काढा या उदाहरणांच्या पहिल्या दिवशी, कुणीतरी २क्ष मध्ये क्ष = ३ ठेवून उत्तर तेवीस लिहितं. क्ष = २.५ दिला तर २२.५ लिहितं. वर्ग हसतो. मी हसू देत नाही. त्या मुलाने सांगितलं तेच केलं आहे. क्षच्या जागी तीन ठेवा म्हटलं, त्याने क्ष उचलला आणि त्या जागी तीन ठेवला. दोनाच्या शेजारी तीन, तेवीस. चूक त्याच्या हाताची नाही. शेजारी लिहिणं याचा अर्थ आपण त्याला तीनदा बदलून दिला आहे आणि बदलल्याचं सांगितलेलं नाही. २ आणि ३ शेजारी आले तर स्थानाने दशक-एकक होतात. २ आणि १/२ शेजारी आले तर त्यांची बेरीज होते, अडीच. २ आणि क्ष शेजारी आले तर गुणाकार. तिसरीत एक, पाचवीत दुसरं, सातवीत तिसरं. मी फळ्यावर तिन्ही एकाखाली एक लिहिते आणि सांगते की अक्षर उठून आकडा बसला की मध्ये गुणाकाराचं चिन्ह उघड करायचं, नाहीतर आकड्याभोवती कंस घालायचा. २(३). २(२.५). तो कंस म्हणजे पाहुण्याला दिलेली जागा आहे, शेजाऱ्यात मिसळून जाऊ नये म्हणून. ज्या मुलाने तेवीस लिहिले होते त्याच्याकडूनच मी पुढचं उदाहरण करून घेते, आणि त्याचं बरोबर आलं की दिवस सार्थकी लागतो.

३क्ष² मध्ये २ ठेवला तर बारा येतात की छत्तीस, यावर वर्गात दरवर्षी दोन तट पडतात. वर्ग फक्त क्षचा आहे, तिनाचा नाही, म्हणून बारा. छत्तीस हवे असतील तर तीन आणि क्ष दोघांना एका कंसात घालायला हवं. एवढं सांगून मी पुढे जाते, कारण हे सरावाने बसतं.

दशांश मात्र थांबून शिकवायची गोष्ट आहे. मुलं पूर्ण संख्या ठेवून ठेवून अशा समजुतीला येतात की वर्ग केला की संख्या वाढते. मग एक दिवस क्ष² मध्ये ०.५ ठेवायला सांगायचं. ०.२५ येतात आणि वर्ग गप्प होतो. संख्या लहान झाली! कुणीतरी पुन्हा करून बघतं, टिंबाची जागा तपासतं. मी आबांच्या भाषेत विचारते, निम्म्याचं निम्मं किती? पाव. आणि पाव निम्म्याहून लहान की मोठा? शांततेतून हळूहळू हसू फुटतं. हा क्षण मी वीस वर्षं बघते आहे आणि तो एकदाही जुना वाटलेला नाही.

त्यानंतर औटकीकडे वळायचं. दीड दिडके सव्वादोन. अडीच अडीचके सव्वासहा. औट औटके सव्वाबारा. जुन्या उजळणीतल्या या ओळी मी फळ्यावर आकड्यांत लिहिते: १.५² = २.२५, २.५² = ६.२५, ३.५² = १२.२५. प्रत्येक वेळी शेवटी सव्वा. पाव आहेच, पण त्याआधीचे दोन, सहा, बारा कुठून आले? एखादी मुलगी हळूच म्हणते, एक दुणे दोन, बे त्रिक सहा, तीन चोक बारा. म्हणजे साडेचाराचा वर्ग चार पंचे वीस आणि पाव. साडेदहाचा एकशेदहा आणि पाव. मग न(न + १) + ०.२५ असं लिहायचं आणि नच्या पाटावर ज्याला जो आकडा आवडेल तो बसवू द्यायचा. आमच्या पणजोबांनी घोकलेल्या पाढ्यांच्या पोटात ही राशी शांतपणे पडून होती. घोकणाऱ्याला ती दिसली नसेल, पण पाढे चुकले नाहीत ते तिच्यामुळे.

इथेच मुलांना एक सावधगिरी सांगावी लागते. किंमत ठेवून बघितलं, जुळलं, म्हणून ते कायमचं खरं झालं असं होत नाही. ऑयलरची एक प्रसिद्ध राशी आहे, न² + न + ४१. शून्य ठेवा, ४१ येतात, मूळ संख्या. एक ठेवा, ४३. दोन ठेवा, ४७. मग ५३, ६१, ७१. सगळ्या मूळ संख्या. एकोणचाळीस ठेवा, १६०१, तीही मूळ. चाळीस वेळा विश्वास बसतो. आणि चाळीस ठेवलं की १६८१ येतात, म्हणजे एकेचाळीस गुणिले एकेचाळीस. हे उदाहरण मी संपूर्ण तास देऊन करून घेते, मुलांमध्ये आकडे वाटून देते, आणि चाळीस हा आकडा वर्गातल्या सगळ्यात शांत मुलाच्या वाट्याला जाईल असं बघते.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. (अ + ब)² म्हणजे अ² + ब², असं लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. पडताळून बघ म्हटलं तर ती सोपा आकडा घेतात, ब = ० ठेवतात, आणि दोन्ही बाजू जुळतात. क्ष² आणि २क्ष एकच असं वाटणारा २ ठेवून बघतो, चारास चार येतात. शून्य आणि दोन हे भिडस्त साक्षीदार आहेत, समोरच्याला नाही म्हणवत नाही त्यांना. १.५ ठेवून बघा. एकीकडे २.२५ आणि दुसरीकडे ३. लबाडी लगेच उघडी पडते. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे की पडताळा घ्यायचा तर एकदा तरी दशांश संख्या ठेवायची. करायला जड जाते, पण तोंड राखून बोलत नाही.

या सगळ्या अक्षरांचा जुना पत्ता आपल्या अगदी जवळ आहे. देकार्तने १६३७ साली अज्ञातांसाठी लॅटिन वर्णमालेच्या शेवटची अक्षरं वापरली, त्यातून पाश्चात्त्य रूढी पडली आणि आपण तिथल्या x या अक्षराला क्ष म्हणू लागलो. १८९५ साली राँटगेनला जे किरण सापडले त्यांनाही त्याने अज्ञाताचंच नाव दिलं, म्हणून ते मराठीत क्ष-किरण झाले. पण त्याच्या कितीतरी आधी, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्य बीजगणितात अज्ञाताला यावत्तावत् म्हणत होते. जितकं तितकं. ३क्ष + ५ हे त्यांच्या रीतीने ‘या ३ रू ५’ असं लिहिलं जाई. रू म्हणजे रूप, नुसती संख्या. एकाहून जास्त अज्ञात असतील तर त्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक, लोहितक. त्याआधी ब्रह्मगुप्तानेही ६२८ साली अज्ञातांना वर्ण म्हटलं होतं. मला यावत्तावत् हा शब्द फार प्रिय आहे. क्ष म्हटलं की काहीतरी लपवलेलं आहे, शोधून काढायचं आहे, असं वाटतं. जितकं तितकं म्हटलं की दार उघडं असतं. जेवढं असेल तेवढं घेऊन या, हिशेब होईल.

चाळीसगावजवळच्या पाटणला मी एकदा मुलांना घेऊन गेले. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापला. तो सांगणारा यादवकालीन शिलालेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, आणि त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. नातवाने आजोबांचं गणित दगडावर सांभाळलं, हे मी मुलांना सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आबांची पाठ होती, गाईच्या कुशीला टेकलेली. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात जन्मशक १०३६ आणि ग्रंथ रचला तेव्हाचं वय छत्तीस असं नोंदवून ठेवलं आहे. मी मुलांना म्हटलं, शक अधिक अठ्ठ्याहत्तर. तिथेच उन्हात उभं राहून त्यांनी बेरजा केल्या. १११४. ११५०. एका मुलाने आपल्या आजोबांच्या कुंडलीतला शक ठेवून बघितला आणि उत्तर आल्यावर कुणालाच न सांगता वहीत लिहून ठेवलं.

आता आमच्या डेअरीत लॅक्टोमीटर क्वचित दिसतो. वाटीभर दूध यंत्राच्या नळीखाली धरलं की मिनिटाच्या आत पडद्यावर आकडे येतात आणि चिठ्ठी बाहेर पडते. भिंतीला नवा रंग दिला तेव्हा ती निळी ओळ झाकली गेली. ओळ यंत्राच्या पोटात गेली आणि रांगेतल्या माना पुन्हा खाली गेल्या. गाईच्या दुधाचा सरकारी दर आज ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, आणि त्याच्या खाली एकेका पॉइंटला पैसे कापले जातात. म्हणजे दशांशाच्या पुढच्या एका घरावर महाराष्ट्रातल्या लाखो घरांची संध्याकाळ ठरते. तरी सातवीच्या पुस्तकात किंमत काढा म्हणून जी उदाहरणं येतात त्यांत क्ष = ४, य = ०.५ असंच असतं. कुणाचा चार, कशाचा अर्धा, काही नाही. मुलं उत्तरं काढतात, बरोबर काढतात, आणि घरी येऊन चिठ्ठी खुंटीला टोचून ठेवतात.

गणित शिकवणाऱ्या माझ्या सगळ्या सोबत्यांना माझं सांगणं आहे की या धड्याच्या दिवशी मुलांना घरून एक कागद आणायला सांगा. दुधाची चिठ्ठी, विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण, बचत गटाचं व्याजाचं पुस्तक, काहीही. त्यातला घरचा आकडा त्यांच्या हाताने अक्षराच्या जागी बसू द्या. आणि तुमच्या घरी दूध घालत असतील, तर उद्या सकाळची चिठ्ठी फेकू नका. तुमच्या डेअरीत सूत्र कोणतं आहे आणि त्याचा शेवटचा आकडा किती धरतात ते विचारून घ्या. सूत्र आमच्यासारखंच असेल, तर डिग्री आणि फॅट एका जागी करा, त्याची पावकी करा, शेवटचा आकडा मिळवा. जुळलं तरीही दूध निवलं होतं का, फेस बसला होता का, यंत्र शेवटचं कधी तपासलं, एवढं विचाराच.